माळकऱ्याचं पोर परदेशी जाताना

पोरी, विद्यार्थी विनिमयाच्या फॉर्मवर ‘व्हेजिटेरियन’ एवढा एक शब्द टाकून मोकळी होऊ नकोस. तेवढ्यावर विसंबून तिकडची बाई तुझ्यासाठी हौसेने मासा भाजून ठेवील आणि तिची त्यात काही चूक नसेल. मटण-चिकन सोडलं की झाला शाकाहार, असा समज बाहेरच्या कितीतरी घरांत आहे. म्हणून जिनसांची नावं लिहायची. मटण नाही, कोंबडी नाही, मासा नाही, कोळंबी नाही, हाडांच्या पाण्यातलं सूप नाही, चरबीत तळलेलं नाही, जिलेटिन नाही. अंड्याचं तुझं तू ठरव, पण ठरवून लिही. ‘केकमधलं चालतं, उकडलेलं नको’ असंही लिहिता येतं, त्यात लाजायचं काही नाही. आपल्याकडच्या कितीतरी माळकरी घरांतल्या पोरांचं तेच धोरण असतं. आणि त्याच कागदावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत, काय खातेस तेही लिही: दूध, दही, चीज, सगळ्या डाळी, कडधान्यं, भात, पाव, बटाटा, भाज्या, फळं, शेंगदाणे. नुसती ‘नको’ची यादी वाचली की होस्ट फॅमिली धास्तावते. ‘चालतं’ची यादी लांब दिसली की त्यांचा जीव भांड्यात पडतो.

आता एक गोष्ट मी बोलते, जी बारामतीत तोंडावर कुणी बोलणार नाही. आपल्या भागातली काही पोरं फक्त फॉर्मवर शाकाहारी असतात. पोरगं रविवारी भिगवणला जाऊन उजनीची मासळी चापून येतं, पण आईला धसका असतो गोमांसाचा, म्हणून ती सरसकट ‘शाकाहारी’ लिहायला लावते. तिकडे गेल्यावर पंधरा दिवसांत ते मित्रांबरोबर चिकन खायला लागतं आणि इकडे होस्ट मॉम बिचारी त्याच्यासाठी दुकानोदुकानी मसूर शोधत हिंडते. पुढच्या साली त्याच गावात खरोखरीचं माळकरी पोर गेलं की त्याच्या शब्दावर कुणाचा भरवसा बसत नाही. गाईचं नको, डुकराचं नको, बाकी चालेल, असं सरळ लिहिता येतं. ज्यू आणि मुसलमान शेजारी असल्याने एखाद्या प्राण्याचं मांस वर्ज्य असणं तिकडच्या लोकांना चटकन समजतं. घरात खाणाऱ्याने तिकडे जाऊन सोवळं मिरवू नये आणि माळ असलेल्याने भिडेपोटी ती लपवू नये.

तुला वाटत असेल, ही नवीनच भानगड आहे. नाही गं. आपल्या आनंदीबाई जोशी 1883 साली डॉक्टरी शिकायला कलकत्त्याहून बोटीत बसल्या, तेव्हा त्याही कुणाच्या तरी घरीच उतरायला निघाल्या होत्या. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर. त्या बाईंनी 1880 साली एका मिशनरी मासिकात आनंदीबाईंच्या नवऱ्याचं, गोपाळरावांचं पत्र वाचलं आणि आपण होऊन आनंदीबाईंना लिहिलं. पुढची दोन-तीन वर्षं दोघींची पत्रं चालू होती. म्हणजे एप्रिलात निघालेली अठरा वर्षांची मुलगी जूनमध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरली, तेव्हा समोरची बाई परकी राहिलेली नव्हती. आनंदीबाई त्या बाईंना ‘मावशी’ म्हणायच्या. सगळ्यांत मोठा कानमंत्र मी तिथूनच उचललाय. ज्या घरी जायचं त्या घराशी आधी बोलून घे. आता तर फोनवर चेहराही दिसतो. त्यांना आपलं स्वयंपाकघर दाखव, ताट दाखव, दिवसभरात तू काय काय खातेस त्याचे फोटो पाठव. दहा पानी पत्राने होत नाही ते एका वरण-भात-भाजीच्या फोटोने होतं. आणि त्यांचं ताट विचार. संध्याकाळी किती वाजता जेवता, दुपारी गरम असतं की पाव, स्वयंपाक कोण करतं, घरात कुत्रं-मांजर आहे का, हे सगळं विमानात बसण्याआधी माहीत असलेलं बरं.

रोटरीचा युवा विनिमय 15 ते 19 वयाच्या मुलांसाठी असतो. वर्षभराचा असेल तर बहुधा एकाहून जास्त घरं बदलावी लागतात. ए.एफ.एस. ही संस्थाही 1947 पासून शाळकरी मुलांची अशी देवाणघेवाण करतंय. ही घरं पैशांसाठी तुला ठेवून घेत नाहीत, एवढं डोक्यात पक्कं ठेव. ते हॉटेल नाही आणि तू भाडं भरणारी पाहुणी नाहीस. स्वतःच्या खर्चाने, हौसेने त्यांनी तुला घरात घेतलेलं असतं. तेव्हा तुझा नियम त्यांनी सांभाळावा, ही अपेक्षा मनातून काढून टाक. तुकोबांच्या पालखीबरोबर बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला येणाऱ्या दिंड्या बघतेस ना, आपला शिधा नि आपली भांडी गाडीत घालून चालतात. गावाने जेवू घातलं तर आनंदाने जेवतात, नाही घातलं तर स्वतःची चूल पेटवतात. तसं जायचं. घर बदललं की सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. पहिल्या घराने दुसऱ्याला सांगितलं असेल, असं गृहीत धरू नकोस.

पोचलीस की पहिल्या शनिवारी होस्ट मॉमबरोबर बाजारहाटाला जा. हे माझं ऐकच. तिला सांगून जे कळणार नाही ते ट्रॉलीत टाकलेलं बघून कळेल. डबाबंद छोले, राजमा, लाल मसूर, दही, पालक, गाजर, सफरचंद, शेंगदाण्याचं लोणी, साधा पाव. यातल्या बहुतेक जिनसा बऱ्याच देशांत मोठ्या दुकानात मिळतात आणि फार महाग नसतात. ‘माझ्यासाठी वेगळं महागडं काही आणावं लागत नाही’ हे तिला त्या दिवशी दिसलं की तुझं निम्मं काम झालं. शाकाहारी बर्गर, सोयाबीनचं खोटं मांस असले चोचले मागू नकोस. खावंसं वाटलंच तर आपल्या खिशातून घे.

पुडक्यांवर आपल्यासारखा हिरवा ठिपका तिकडे नसतो, तेव्हा मागची बारीक अक्षरं वाचायची सवय लाव. युरोपात दूध, अंडं, मासा असे ॲलर्जीचे जिन्नस ठळक छापण्याचा कायदा आहे, अमेरिकेतही ते नावानिशी द्यावे लागतात, त्याचा तुला आयता फायदा. पण चरबी नि जिलेटिन ॲलर्जीच्या यादीत नसतात, ते तुलाच शोधावे लागतील. रबरासारख्या चघळायच्या गोळ्या, मार्शमेलो, काही दह्यांचे डबे यांत जिलेटिन असतं. अस्सल इटालियन पार्मेझान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटशिवाय बनतच नाही, दुसऱ्या काही चीजांतही ते असतं. लाल रंगासाठी ई120 लिहिलेलं दिसलं तर तो किड्यापासून काढलेला रंग. यातलं कुठपर्यंत पाळायचं ते तू इथे घरी बसून ठरव, तिथे दुकानात उभं राहून रडत नको. माझं मत विचारशील तर मांस, मासा, हाडांचं पाणी, चरबी आणि जिलेटिन एवढ्यावर ठाम राहा. चीजच्या रेनेटपाशी वर्षभर भांडत बसलीस तर नेदरलँड्ससारख्या देशात दुपारी उपाशी राहशील, कारण तिथलं दुपारचं जेवण म्हणजे पाव आणि चीज. पण जैन घरच्या मुलीने माझं न ऐकता तिच्या घरच्यांचं ऐकावं.

प्रत्येक देशाची आपली एक खोड असते. जपानात भाजीचं म्हणून पुढे येणारं सूपही बहुधा वाळवलेल्या बोनिटो मासळीच्या पाण्यात केलेलं असतं. थायलंडमध्ये साध्या भाजीत फिश सॉस पडतो. ब्राझीलच्या काळ्या घेवड्याच्या फेजोआदात डुकराचं मांस असतं, मेक्सिकन राजमा कधी डुकराच्या चरबीत परतलेला असतो. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग. त्या दिवशी टर्कीच्या पोटातलं सारण तर सोडच, पण ग्रेव्ही नि ‘पाय’ नावाच्या पक्वान्नाचं आवरणही विचारून घे. तैवानमध्ये मात्र सुख आहे. बौद्ध लोकांमुळे शाकाहारी खानावळी गल्लोगल्ली आणि कडक पाळणारे तर कांदा-लसूणही घालत नाहीत.

सामानाचं. तूप, पेढे, खवा युरोपला नेऊ नकोस. बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना तिथे बंदी आहे. अमेरिकेत आपल्याकडचा तांदूळ नेता येत नाही, खपरा किड्याच्या भीतीने. ऑस्ट्रेलियाला जाणार असशील तर बॅगेतला खाण्याचा प्रत्येक कण कार्डावर लिहून दाखव. लपवलेल्या लाडवापेक्षा सांगितलेला लाडू बरा, जप्त झाला तरी दंड बसत नाही. न्यायचं ते कोरडं आणि थोडं: येसूर, काळा मसाला, हळद, जिरं, मोहरी, मेतकूट. हिंग मात्र घट्ट झाकणाच्या डबीत, ती डबी पिशवीत आणि ती पिशवी आणखी एका डब्यात. लोणच्याच्या बरण्या नेऊ नकोस. तेल कपड्यांवर गळलं की वर्षभर तुझ्या ब्लेझरला कैरीचा वास. लहान कुकर न्यायचा तर स्टीलचा, सपाट बुडाचा. तिकडे बऱ्याच घरांत इंडक्शनची शेगडी असते आणि आपला ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापत नाही. एक लहान कढईही आपली ने. होस्टच्या घरात भांडी एकच असतात, सगळी एकाच डिशवॉशरमध्ये जातात. ती भांडी तू बाटलेली समजतेस असं त्यांना वाटू देऊ नकोस. ‘माझ्या स्वयंपाकाला मी ही वापरते’ एवढं हसून सांगायचं नि कढई कपाटाच्या एका कोपऱ्यात ठेवायची.

स्वयंपाकघरात पाय ठेवण्याआधी छतावरचा स्मोक अलार्म कुठे आहे ते बघून घे. आपली फोडणी तडतडली की तो बोंब मारतो, काही इमारतींत तर अग्निशमनची गाडी दारात येते. वरचा पंखा सुरू कर, खिडकी उघड, झोपायच्या खोल्यांची दारं लाव, खुंटीवरचे कोट आत ने, मग मोहरी टाक. थंडीत दारं-खिडक्या महिनोन् महिने बंद असतात नि लोकरीच्या कपड्यांत फोडणीचा वास आठवडाभर राहतो. हळद पांढऱ्या ओट्यावर सांडली तर लगेच पूस, वाळली की डाग जाता जात नाही. त्यांचा लाकडी चमचा पिवळा झाला तर नवा आणून दे.

आणि शेंगदाणा. हे सगळ्यांत नीट ऐक. आपल्या बाजूला कूट नाही अशी भाजी नाही, पण तिकडे शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं पुष्कळ असतात आणि ती जिवावर बेतणारी असते. काही शाळांत शेंगदाण्याचा डबाच न्यायला बंदी असते. चटणीचा डबा उघडण्याआधी घरात विचार, शाळेत विचार, पाहुणे येणार असतील तेव्हा पुन्हा विचार. तुझ्या शाकाहाराचा विसर पडला तर फार तर जीव हळहळेल, पण इथे चूक झाली तर माणूस जाईल.

जाण्याआधी सहा पदार्थ हाताला बसव. मुलगा असशील तरीही, अगदी मुलगा असशील तर आधी. वरण-भात, बटाट्याची कोरडी भाजी, मटकी नाहीतर मसुराची आमटी, पिठलं, शिरा, भजी. आठवड्यातून एक संध्याकाळ ‘आज मी करते’ म्हणायचं आणि सगळ्यांसाठी करायचं, आपल्यापुरतं नाही. तिखट इंदापूरच्या निम्म्याहूनही कमी. भजी कुणाला आवडली नाहीत असं अजून ऐकलेलं नाही. भाकरीच्या नादाला लागू नकोस. ज्वारीचं पीठ ग्लुटेन-फ्री म्हणून महागात मिळतं, नि सपाट शेगडीवर भाकरी सहजी फुगत नाही.

उपवासाचं आधीच सांगून ठेवायचं. तुझी एकादशी तुला सहज आहे, पण त्या घरात एखाद्या सकाळी तू न जेवता उठलीस तर होस्ट मॉमला वाटेल मुलगी आजारी आहे, नाहीतर मनाने खचलीय. ती लगेच विनिमय संस्थेने तुला नेमून दिलेल्या काऊन्सेलरला फोन करेल आणि तसं करणं हेच तिचं कर्तव्य आहे. वर्षाच्या एकादशीच्या तारखा फ्रिजवर लावून दे. साबुदाणा आशियाई दुकानात टॅपिओका म्हणून मिळतो, नाही मिळाला तर बटाटा, केळी, दूध आहेच. अमेरिकेतलं शाळेचं वर्ष ऑगस्टच्या आसपास सुरू होतं, म्हणजे तू नेमकी चातुर्मासात पोचतेस. नव्या घरी पहिल्याच आठवड्यात कांदा, लसूण, वांगं सोडल्याचंही जाहीर केलंस तर यजमान हात टेकतील. त्या वर्षी चातुर्मास जरा सैल धर. विठोबा समजून घेईल. जैन मुलांचा प्रश्न याहून अवघड. दशलक्षण पर्व त्याच दिवसांत, आणि सूर्यास्ताआधी जेवायचं म्हटलं तर नेदरलँड्समध्ये डिसेंबरात सूर्य साडेचारलाच मावळतो नि जूनमध्ये रात्री दहापर्यंत मावळत नाही. शाळेतून घरी पोचेपर्यंत जेवणाची वेळ उलटलेली. घड्याळाची एक वेळ घरच्यांशी बोलून आधीच नक्की करा.

ताटावर बसलीस की नाक मुरडायचं नाही. त्यांच्या ताटात काय आहे हा तुझा विषय नाही. ‘का खात नाहीस?’ हे तुला शंभरदा विचारतील. उत्तर एका वाक्याचं ठेव: आमच्या घरी माळ आहे, पिढ्यान् पिढ्या असंच चालत आलंय. संपलं. गाईच्या डोळ्यांचं वर्णन, कत्तलखान्याचे व्हिडिओ, शाकाहाराचे फायदे, यातलं काही काढू नकोस. कुणाचा मेहुणा शिकारीला जात असेल, फोटो दाखवील, ते बघायचे नि बंदूक कुठली होती ते विचारायचं. मांसाची भांडी विसळायला हात धजत नसेल तर पहिल्याच दिवशी सांग आणि त्याबदल्यात दुसरं काम माग, कपडे वाळत घालणं म्हण, कुत्र्याला फिरवणं म्हण. हात बांधून बसलेली पाहुणी कुणालाच आवडत नाही, ना तिकडे ना इंदापुरात.

चुकून तोंडात गेलं तर? कधी तरी जाणारच. चमचा खाली ठेव, पाणी पी, बाकीचं जेवण होऊ दे, मग होस्ट मॉमला एकटीला गाठून सांग. रडारड नाही, ओकाऱ्या नाहीत. गळ्यातल्या माळेचं काय करायचं ते इथे असतानाच घरच्या वडीलधाऱ्यांना, फडावरच्या महाराजांना विचारून ठेव. खेळाच्या तासाला गळ्यातलं काढून ठेवायला बऱ्याच शाळा सांगतात, त्याचंही त्यांनाच विचार. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, धर्म बदलला, पण शाकाहार सोडला नाही. वाँटेजच्या मठातल्या भगिनींशी त्यावरून खटके उडाले तरी बाई हटल्या नाहीत. नियम टिकतो तो असा स्वतःच्या जोरावर. त्याला यजमानांची परवानगी लागत नाही.

पण उपाशी राहून नियम टिकवायचा नाही, ही माझी सक्त ताकीद. आनंदीबाई फिलाडेल्फियाला गेल्यावर मावशीच्या घरची ऊब संपली. कडाक्याची थंडी, धूर धरणारी शेगडी, डॉक्टरीचा अभ्यास, खाण्याची आबाळ. मार्च 1886 मध्ये पदवी हाती आली आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात क्षयाने त्या गेल्या. बावीस वर्षांच्याही नव्हत्या. क्षय अन्नाने होत नाही हे मलाही कळतं, पण थकलेल्या अंगाला अन्नाचा आधार नसला की आजार शिरजोर होतो. म्हणून निघण्याआधी रक्त तपासून घे, बी12 नि ड जीवनसत्त्व डॉक्टरला विचार, आणि तिथे भूक राहत असेल तर होस्ट मॉमला सांग, तिला सांगवत नसेल तर काऊन्सेलरला सांग. मध्यरात्री बारामतीला फोन करून आईला रडून सांगितल्याने तुझ्या ताटात काही वाढलं जात नाही, फक्त इथे सगळं घर जागं होतं. आणि अंडं खायची वेळ आली, किंवा तुला मनापासून खावंसं वाटलं, तर खा. पण घरी खोटं सांगू नकोस. ओरडा मीच खाईन तुझ्या वाट्याचा.

आता शेवटचं, ते तुझ्या आईबापांसाठी. आमच्या घरी बाहेरची पोरं राहून गेली. रोज मांस खाणारी, धट्टीकट्टी. आम्ही त्यांना ‘आमच्याकडे चालत नाही’ एवढंच सांगितलं आणि ती पिठलं-भाकरीवर निमूट राहिली. त्यांचं पोट भरतंय का, हे विचारायला आमच्याकडे कुणाला सुचलं नाही. आपण मात्र आपल्या पोरांसाठी तिकडच्या बायकांनी पाकिटं वाचावीत म्हणतो. ज्यांचं पोर जाणार आहे त्यांनी त्याच वर्षी येणाऱ्या पोरासाठी घरातली एक खोली द्या, आणि घरात चालत नसेल तर अंगणात का होईना, त्याला अंडं उकडायला एक पातेलं नि एक शेगडी वेगळी काढून ठेवा.